आठ दिव्यांची साक्ष

'तपासणे' हे क्रियापद आपण फार सैलपणे वापरतो. शिक्षक वह्या तपासतात, डॉक्टर रोगी तपासतो, एस.टी.चा वाहक तिकीट तपासतो आणि लेखापरीक्षक हिशेब तपासतो. शब्द एकच असला तरी या चौघांच्या कृती एका जातीच्या नाहीत. तिकीट आहे की नाही एवढेच वाहक पाहतो. प्रवाशाचे त्या गावी काय काम आहे, ही उठाठेव त्याने करायची नसते. डॉक्टरने मात्र नाडी लागते एवढेच पाहून रोग्याला घरी धाडले, तर ते आपल्याला चालत नाही. म्हणजे 'तपासले, ठीक आहे' हे उत्तर ऐकल्यावर आधी विचारायला हवे की प्रश्न काय होता. प्रश्न कळल्याशिवाय उत्तराला किंमत नाही.

हे शहाणपण आम्हाला तर्कशास्त्राच्या पुस्तकाने दिले नाही. ते दिले तळहाताएवढ्या एका यंत्राने. सोलापुरात संगणकांच्या जाळ्याच्या केबली टाकणे आणि बिघडलेल्या केबली तपासणे, हा आमचा पोटापाण्याचा उद्योग आहे. त्या उद्योगात एक लहान टेस्टर सतत खिशात असतो. वीजवाल्यांच्या पेचकसासारख्या टेस्टरहून हा निराळा. याचे दोन तुकडे असतात. एक केबलीच्या या टोकाला लावायचा, दुसरा त्या टोकाला. पहिल्यात नऊ व्होल्टची बॅटरी असते. बटण सरकवले की यंत्र आठ तारांतून एकामागून एक वीज सोडते आणि दुसऱ्या तुकड्यावरचे एक ते आठ आकड्यांचे दिवे क्रमाने लागत जातात. एखादा दिवा लागला नाही तर ती तार तुटली आहे. तीननंतर चारऐवजी सहा लागला तर तारांची अदलाबदल झाली आहे. दोन दिवे एकदम मिणमिणले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. दोन-चारशे रुपयांत मिळणाऱ्या वस्तूने एवढे सांगावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आणि सोलापुरात तिला सांगण्यासारखे पुष्कळ असते. उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या छपराखाली तर विचारूच नका. केबलीचे वरचे आवरण उन्हाने कडक होते, वळणावर तडकते. उंदीर आणि खारी आपापला वाटा उचलतात. पूर्व भागातल्या मागांच्या शेडमध्ये हिशेबाचा संगणक असतो, त्याच्या खोबणीत कापसाची तूस जाऊन बसते आणि कनेक्टरचे सोनेरी दात झाकून टाकते. अशा वेळी शिडीवर चढून पन्नास मीटर केबल हाताने चाचपत बसण्यापेक्षा दोन्ही टोकांना टेस्टर लावला की अर्ध्या मिनिटात दोष तारेत आहे की नाही हे कळते.

या शहराला अशी तपासणी नवी नाही. विणकामात धाग्याचे अखंडपण हाच पहिला प्रश्न असतो. साध्या यंत्रमागावरसुद्धा आडवा धागा तुटला की एक लहानसा काटा माग थांबवतो. सुधारित मागांवर प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची पातळ पट्टी लोंबकळत असते. धागा ताणलेला असेतो पट्टी वर राहते; धागा तुटला की ती खाली पडते, विजेचे मंडल पूर्ण होते आणि माग आपोआप थांबतो. शेकडो धाग्यांपैकी एकाच्याही तुटण्याची वार्ता यंत्र स्वतः देते. आमचा टेस्टर हा त्या पट्टीचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल. फरक इतकाच, की संगणकाचे जाळे बिघडले तरी मागासारखे प्रामाणिकपणे थांबत नाही. ते रखडत राहते, आणि रखडण्याचे खापर कुणाच्या तरी माथ्यावर फुटते.

असे एक खापर फुटताना आम्ही पाहिले. शहरातल्या एका शिक्षणसंस्थेत चाळीस संगणकांची प्रयोगशाळा नव्याने उभी राहिली होती. तिथे ऑनलाइन परीक्षा होऊ लागल्या. नेमक्या परीक्षेच्या वेळी, सगळे संगणक एकदम कामाला लागले की, शेवटच्या दोन रांगांतले काही संगणक अडखळत. प्रश्न उघडायला मिनिट लागे, कधी जोडणीच तुटे. विद्यार्थी रडकुंडीला येत, पालक कार्यालयात येऊन आवाज चढवत. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाई अकरा महिन्यांच्या करारावर होत्या. त्यांच्याकडून दोनदा लेखी खुलासा मागवण्यात आला. केबलींमध्ये दोष असावा असे त्यांनी दोन्ही खुलाशांत लिहिले होते. त्यावर ठेकेदाराचा तक्ता दाखवण्यात आला. चाळीस ओळी, प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण, खाली सही व शिक्का. केबली तपासलेल्या आहेत, सबब दोष हाताळणीत आहे, असा निष्कर्ष निघाला. आम्हाला बोलावणे आले तेव्हा करार संपायला महिना उरला होता.

दोष शोधण्याची रीत साधी असते, फक्त घाई करून चालत नाही. अडखळणारा संगणक आम्ही पुढच्या रांगेत नेला आणि पुढचा मागे आणला. मागे आलेला चांगला संगणक अडखळू लागला, पुढे गेलेला धावू लागला. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, जागेचा होता. मग स्विचवरची खोबण बदलली. फरक पडला नाही. उरली ती भिंतीवरच्या पट्टीतून गेलेली केबल. तिला लहान टेस्टर लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. सगळे दिवे ओळीने लागले. ठेकेदाराचा तक्ता खोटा नव्हता.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी विचारले, "म्हणजे केबल ठीक आहे का?" आम्ही म्हटले, "बाई, केबल जोडलेली आहे. ठीक आहे की नाही, हे या यंत्राला विचारलेलेच नाही."

इथे थोडे तांत्रिक सांगणे भाग आहे. जाळ्याच्या केबलीत आठ तारा असतात, पण त्या आठ सुट्या तारा नसतात. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार जोड्या असतात. प्रत्येक रंगाच्या तारेला त्याच रंगाची पांढरपट्टी जोडीदारीण असते आणि दोघी एकमेकींभोवती पीळ घालून चालतात. हा पीळ शोभेसाठी नाही. एका तारेतून जो संकेत जातो त्याचाच उलटा संकेत दुसरीतून जातो आणि पलीकडचे यंत्र दोहोंतला फरक वाचते. बाहेरचा गोंगाट पिळामुळे दोघींवर सारखाच पडतो, म्हणून फरक काढताना तो वजा होऊन जातो. ही युक्ती टेलिफोनच्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलची. तिचे पेटंट त्याला १८८१ साली मिळाले. चार जोड्यांचे पीळही कमीजास्त घट्ट ठेवतात, म्हणजे शेजारच्या जोडीचे बोलणे या जोडीत झिरपत नाही. टोकाला कनेक्टर लावताना पीळ साधारण तेरा मिलिमीटरहून अधिक उलगडू नये असा दंडक आहे.

आता मेख अशी, की कनेक्टरच्या आठ घरांत या जोड्या ओळीने बसत नाहीत. पहिले-दुसरे घर एका जोडीचे, सातवे-आठवे एका जोडीचे. मधल्या चार घरांत मात्र चौथे-पाचवे ही एक जोडी आणि तिला कवेत घेऊन तिसरे-सहावे ही दुसरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसते. टेलिफोनच्या जुन्या जोडणीशी मेळ राखण्यासाठी ही रचना आली, आणि पाहणाऱ्याला ती चुकीची वाटते. कुणालाही वाटेल की नारिंगीनंतर हिरवी, हिरवीनंतर निळी, निळीनंतर तपकिरी अशा जोड्या शेजारी-शेजारी लावाव्यात. ते दिसायलाही नीटनेटके दिसते. दोन्ही टोकांना तसेच लावले तर पहिली तार पहिल्या घरी पोहोचते, आठवी आठव्या घरी. टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात. पण तिसऱ्या आणि सहाव्या घरात ज्या दोन तारांनी एक संकेत मिळून वाहायचा, त्यांतली एक हिरव्या जोडीतली असते आणि दुसरी निळ्या. त्या एकमेकींभोवती पिळलेल्याच नसतात. गोंगाट वजा होत नाही, उलट एका संकेताचे बोलणे दुसऱ्यात मिसळते. केबल आखूड असेल आणि काम हलके असेल तर हे खपून जाते. लांबी वाढली, वेग वाढला, सगळे एकदम बोलू लागले की गळती सुरू होते.

पुण्याहून मोठे यंत्र भाड्याने आणले. ते केवळ तार पोहोचते का हे विचारत नाही. निरनिराळ्या कंपनसंख्यांचे संकेत सोडून शेजारच्या जोडीत किती झिरपते, किती परत उसळते, वाटेत किती क्षीण होते हे मोजते. मधल्या दोन जोड्यांवर त्याने स्पष्ट नापासाचा शेरा दिला. कनेक्टर डोळ्यांजवळ धरून पाहिला, तर रंग ओळीने बसले होते: नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी. चाळीसही केबली तशाच. दाराजवळचा रॅक पुढच्या रांगांना जवळ, म्हणून त्यांचे निभावत होते. मागच्या रांगांच्या केबली खोलीला आणि व्हरांड्याला वळसा घालून पन्नास-साठ मीटर जात होत्या, म्हणून त्या उघड्या पडल्या.

ठेकेदाराने केबली जोडणाऱ्या मुलाला पाठवले. वीस-एकवीस वर्षांचा, पूर्व भागातला, घरात तेलुगू बोलणारा, वडील आयुष्यभर मागावर. आम्हाला वाटले होते तो हुज्जत घालील. त्याने स्वतःचा टेस्टर काढला, लावला, आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाला, "अण्णा, आठही दिवे लागले की! मग चुकलं कुठं?"

आम्ही त्याला बैलांचे उदाहरण दिले. सिद्धेश्वराच्या यात्रेतला जनावरांचा बाजार त्याने पाहिलेला होता. समज, चार खिल्लारी जोड्या आहेत, प्रत्येक जोडी लहानपणापासून एका जुवाखाली चाललेली. रात्री कुणीतरी दावणीला जोड्या बदलून बांधल्या. सकाळी मोजायला गेलास तर बैल आठ. एकही लंगडा नाही, एकही कमी नाही. पण नांगराला जुंपलेस की दोन बैल दोन चालींनी चालणार आणि सरी वाकडी जाणार. मोजणाऱ्याची शिरगणती बरोबर होती. जोडी त्याने पाहिलीच नव्हती.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे धागा दुसऱ्याच डोळ्यातनं ओवल्यासारखं. माग थांबत नाही, पण नक्षी बिघडते. आमचे बाबा चादर उजेडात धरून बघायचे."

आमच्या दृष्टान्तापेक्षा त्याचा दृष्टान्त सरस होता, कारण तो नेमका होता. तुटलेला धागा माग ओळखतो. चुकीच्या जागी ओवलेला अखंड धागा मागाला कळत नाही. जकार्डच्या नक्षीत ती चूक चादरभर उतरत जाते आणि तिला पकडायला शेवटी माणसाचा डोळा लागतो. घरात हे ज्ञान होते. पण केबलीचे काम शिकताना ते त्याच्यापुढे कुणी मांडले नव्हते. त्याला पॉइंटमागे पैसे मिळत. हाती क्रिम्पिंगचा चिमटा आणि टेस्टर देऊन सांगितले गेले होते, आठ दिवे लागले की पुढचा पॉइंट. टेस्टरला जेवढे कळत होते तेवढेच त्याला शिकवले गेले. आणि मग टेस्टरला जे कळले नाही, त्याची शिक्षा भलत्याच खोलीत बसलेल्या बाईंना होत होती.

तार अखंड असूनही निरोप न पोहोचण्याची गोष्ट तशी फार जुनी आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली तारायंत्राची केबल टाकली गेली. दोन्ही खंड जोडले गेल्याचा केवढा जल्लोष झाला! पण व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचायला सुमारे १६ तास लागले. तारेवरचे आवरण सदोष होते आणि वीज समुद्रात झिरपत होती. संदेश उमटत नाहीत म्हणून विद्युत्-अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस याने विजेचा दाब आणखी वाढवला, त्याने उरलेसुरले आवरणही गेले. काही आठवड्यांत केबल मुकी झाली. पुढच्या प्रयत्नांत, १८६५ व १८६६ साली, केबल जहाजावरून समुद्रात उतरत असतानाच विद्युत्-तपासणी अखंड चालू ठेवण्यात आली, आणि ती केवळ तार अखंड आहे का एवढ्यापुरती नव्हती. आवरणातून किती वीज गळते हेही सतत मोजले जाई. १८७० साली मुंबई-एडन केबल समुद्रात टाकली गेली, ती 'ग्रेट ईस्टर्न' या त्याच जहाजावरून. म्हणजे 'जोडले आहे' आणि 'पोहोचते आहे' यांतला फरक ही कला दीडशे वर्षांपूर्वीच शिकलेली आहे. आपण मात्र तो प्रत्येक इमारतीत नव्याने विसरतो.

विसरण्याला कारण आहे, आणि ते अज्ञान एवढेच नाही. लहान टेस्टर दोन-चारशे रुपयांना येतो. मोठे यंत्र कित्येक लाखांना. निविदेत 'केबली तपासून द्याव्यात' एवढेच लिहिलेले असते. कशासाठी तपासाव्यात, कोणत्या यंत्राने, कोणत्या मापाला, हे लिहिलेले नसते. मग सर्वांत स्वस्त प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर सर्वांत महाग प्रश्नाचे उत्तर म्हणून फाईलला लागते. यात कुणी खोटे बोलत नाही. मुलगा खरे बोलतो, तक्ता खरे बोलतो, शिक्काही खराच असतो. तरी सगळे मिळून जे विधान तयार होते ते खोटे असते. तांबे म्हणून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल विकली जाते, तिलाही हे आठ दिवे तितक्याच आनंदाने लागतात. तिचा विरोध जास्त असतो, तार ठिसूळ असते, त्याच केबलीतून कॅमेऱ्याला वीज पुरवली तर ती जास्त तापते. यातले काहीही दिव्यांना दिसत नाही. शिवाय केबल जितकी तापेल तितका संकेत अधिक क्षीण होतो. वीस अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के असा हिशेब धरतात. डिसेंबरात जेमतेम उत्तीर्ण झालेली केबल सोलापूरच्या मे महिन्यात उत्तीर्ण राहीलच असे नाही.

शब्दांच्या व्यवहारातही आम्हाला हा टेस्टर अधूनमधून आठवतो. एखादे भाषांतर मुळाशी ताडून पाहावे, तर प्रत्येक शब्द कोशाप्रमाणे बरोबर असतो, एकही गळलेला नसतो, क्रमही राखलेला असतो. तरी ते मराठी वाटत नाही. 'दाणापाणी' आणि 'सगेसोयरे' यांतली चारही पदे शाबूत ठेवून कुणी 'दाणासोयरे' आणि 'सगेपाणी' लिहिले तर शिरगणतीत काही उणे सापडणार नाही. शब्द एकटा अर्थ वाहत नाही, जोडीदारासह वाहतो, आणि जोडीदार बदलला की शेजारच्या अर्थाचा गोंगाट आत शिरतो. परीक्षणे लिहिताना कथानक आहे, पात्रे आहेत, प्रतिमा आहेत, सामाजिक भान आहे, अशा खुणा करीत जाणाऱ्या समीक्षकाच्या हातीही आठ दिव्यांचेच यंत्र असते. त्याने नोंदवलेले काही चूक नसते. फक्त ते पुस्तक वाचताना ऐकू येते की नाही, हे त्याने विचारलेले नसते.

यावरून लहान टेस्टर फेकून द्यावा असा अर्थ कुणी काढू नये. आमच्या अनुभवात बहुतेक बिघाड तुटण्याचे, उलटसुलट जोडण्याचे आणि कनेक्टर सैल होण्याचेच असतात, आणि ते शोधायला याच्याइतके झटपट दुसरे काही नाही. तुटलेल्या तारेवर लाखांचे यंत्र चालवणे म्हणजे चुलीवरच्या भाताचे शीत प्रयोगशाळेत पाठवणे. यंत्र आपल्या प्रश्नाचे उत्तर चोख देते. त्याच्या उत्तराला आपण किती ताणतो, हा आपला व्यवहार आहे. साक्षीदाराने 'मी त्याला दारातून आत जाताना पाहिले' असे सांगितले, तर आत काय घडले हे त्याच्या तोंडी घालू नये. यात साक्षीदाराचा अपमान नाही; उलट त्याची साक्ष टिकते ती यामुळेच.

त्या प्रयोगशाळेचे काम दीड दिवसात झाले. ऐंशी टोके कापली, ऐंशी नवे कनेक्टर लावले. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसवताना तो मुलगा आमच्यासोबत होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचा हात आमच्यापेक्षा वेगाने चालू लागला. मोठ्या यंत्राने चाळीसही केबलींना उत्तीर्ण केले. अहवालात आम्ही लिहिले, की दोष केबल जोडल्या दिवसापासून होता, हाताळणीने निर्माण झालेला नव्हता, आणि पूर्वीची तपासणी खरी असली तरी हा दोष दाखवू शकणारी नव्हती. कार्यालयातून विचारणा झाली, एवढे लांबण कशाला, 'दुरुस्त केले, ठीक आहे' एवढे पुरे नाही का? आम्ही ते वाक्य तसेच राहू दिले. बाईंचा करार पुढे वाढला. त्यांचे दोन खुलासे मात्र फाईलमध्ये अजून असतील. आमचा अहवाल त्यांच्या मागे टाचलेला आहे, एवढेच आम्हाला करता आले.

त्यानंतर आमच्या तक्त्यात 'ठीक' असा रकाना आम्ही ठेवलेला नाही. त्याऐवजी तीन रकाने आहेत. तारा पोहोचतात का. जोड्या जुळतात का. वेग पेलतो का. पहिला रकाना लहान टेस्टरने भरतो, दुसरा रंग डोळ्यांनी पाहून, तिसरा मोठे यंत्र आणले असेल तरच. आणले नसेल तर त्या रकान्यात आम्ही 'तपासले नाही' असे लिहितो. ग्राहकाला हे शब्द आवडत नाहीत. काही जण तेवढ्यासाठी दुसऱ्याकडे जातात. जे थांबतात ते बहुधा विचारतात, "मग तपासायला किती लागतील?" आणि तिथून बोलणे सुरू होते.